कॅल्सी काय सांगतोय ते आधी वाचा

कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खाली कल्याणकडे आणि मुंबईकडे जाणाऱ्या लोकल थांबतात, वर वसई–दिवा मार्गाच्या गाड्या. समजा, सर्व्हेइंग शिकणाऱ्या तीन विद्यार्थ्यांनी खालून वरच्या कठड्याची उंची काढायची ठरवली. भिंतीपासूनचं अंतर १२ मीटर, उन्नत कोन ३० अंश. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण गणित पाठ्यपुस्तकातलंच आहे: १२ गुणिले टॅन ३०. डोळ्यापर्यंतची उंची नंतर मिळवायची.

तिघांनी आपापल्या कॅल्सीवर, म्हणजे सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर, तीच बटणं दाबली. पहिल्याचं उत्तर आलं ६.९३ मीटर. दुसऱ्याचं उणे ७६.८६. तिसऱ्याचं ६.११.

तिन्ही कॅल्सी धडधाकट आहेत. बॅटरी ठीक आहे, बटणं ठीक आहेत. पहिला अंशांत मोजतोय, दुसरा रेडियनमध्ये आणि तिसरा ग्रेडियनमध्ये. ग्रेडियन म्हणजे काटकोनाचे १०० भाग. या तिघांत खरी चिंता दुसऱ्याची नाही. उणे ७६ मीटर उंची पाहून कुणीही थबकेल आणि कॅल्सी तपासेल. चिंता तिसऱ्याची. ६.११ हा आकडा अगदी पटण्यासारखा आहे. तो वहीत उतरेल, त्याखाली दुहेरी रेघ पडेल आणि गुण जातील.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरताना लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट हीच. पडद्यावर 'एरर' आली तर ती चूक स्वस्तात सुटली. महाग पडते ती न बोलता झालेली चूक. म्हणून या लेखात बटणांची यादी देण्याऐवजी कॅल्सी गप्प राहून कुठे कुठे चुकीचं उत्तर देतो आणि ते कसं ओळखायचं, हे क्रमाने पाहू.

हातात कोणता कॅल्सी आहे

आपल्याकडे कॅल्सीशी पहिली गाठ बहुधा डिप्लोमाला पडते. बारावी सायन्सचा मुलगा बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल उघडतो आणि एमएचटी-सीईटीत तर हातानेच आकडेमोड करतो. याउलट महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या, म्हणजे एमएसबीटीईच्या, प्रश्नपत्रिकेवर सूचनाच छापलेली असते की प्रोग्रॅम करता न येणारा इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर चालेल. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेल्या मुलाच्या हातात सोळाव्या वर्षी तो येतो, आणि तो वापरायचा कसा याचा तास वेळापत्रकात नसतो.

डोंबिवली-कल्याणच्या स्टेशनरीच्या दुकानांत प्रामुख्याने कॅसिओची मॉडेल दिसतात. ढोबळमानाने त्यांची दोन घराणी आहेत. एफएक्स-८२एमएस आणि एफएक्स-९९१एमएस हे दोन ओळींचे कॅल्सी. वर तुम्ही टाइप केलेलं गणित, खाली उत्तर. दुसरं घराणं एफएक्स-९९१ईएस प्लस आणि त्यानंतरचा एफएक्स-९९१ईएक्स यांचं. यांत अपूर्णांक आणि वर्गमूळ वहीत लिहितो तसेच पडद्यावर दिसतात. ८२ आणि ९९१ यांतला मुख्य फरक असा की ९९१मध्ये समीकरणं, मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स संख्या आणि इंटिग्रेशन आहे, ८२मध्ये ते नाही. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्याने ९९१च घ्यावा.

मित्राचा कॅल्सी उसना घेताना तो कोणत्या घराण्यातला आहे ते आधी पाहा. कारण तीच बटणं दोन घराण्यांत वेगळी वागतात. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

वरची बारीक अक्षरं

पडद्याच्या वरच्या कडेला बारीक अक्षरं आणि खुणा असतात. बहुतेक जण त्यांच्याकडे पाहत नाहीत, पण कॅल्सी काय समजून चालला आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.

इंग्रजी 'डी' म्हणजे अंश, 'आर' म्हणजे रेडियन, 'जी' म्हणजे ग्रेडियन. 'एस' दिसला तर शिफ्ट दाबलेलं आहे आणि पुढच्या बटणाचं वर छापलेलं काम होईल. 'ए' म्हणजे अल्फा. 'एम' म्हणजे मेमरीत शून्याखेरीज काहीतरी साठलेलं आहे. 'फिक्स' किंवा 'साय' दिसलं तर उत्तर ठरावीक अंकांत छापलं जाणार. 'एसडी', 'रेग', 'सीएमपीएलएक्स' असं काही दिसलं तर कॅल्सी साध्या गणिताच्या मोडमध्येच नाही.

कोनाचं एकक तपासायची सोपी चाचणी: साइन ३० काढा. बरोबर ०.५ आलं तर अंश. उणे ०.९८८ आलं तर रेडियन. ०.४५४च्या आसपास आलं तर ग्रेडियन.

बदलायचं कसं? एमएस घराण्यात मोड बटण पुन्हा पुन्हा दाबत राहा. 'डेग, रॅड, ग्रा' असे तीन पर्याय दिसले की १ दाबा. ईएस प्लसवर शिफ्ट, मोड आणि मग ३. ईएक्सवर शिफ्ट, मेनू, मग २ आणि १.

एक उलटी अडचणही आहे. ज्या इंटिग्रेशनमध्ये साइन किंवा कॉस आहे, ते कॅल्सीवर सोडवताना रेडियनमध्येच सोडवावं लागतं, कारण कॅल्क्युलसची सूत्रं रेडियन धरूनच बनलेली आहेत. म्हणजे गणिताच्या पेपरला रेडियन आणि सर्व्हेइंगच्या पेपरला अंश. एका पेपरची सेटिंग दुसऱ्या पेपरला तशीच राहते, आणि गुण जातात ते इथे.

बेस मोडमध्ये अडकलेला कॅल्सी

'७ भागिले २ केलं तर ३ येतं, कॅल्सी बिघडला' अशी तक्रार दुकानदारांकडे येते. कॅल्सी बिघडलेला नसतो. तो बेस मोडमध्ये असतो, म्हणजे बायनरी, ऑक्टल, हेक्साडेसिमल संख्यांसाठीच्या मोडमध्ये. तिथे फक्त पूर्णांक चालतात. दशांश भाग गाळला जातो आणि साइन, कॉस यांची बटणं काम करत नाहीत. मोड दाबून 'कॉम्प' निवडा, बहुधा १ दाबलं की झालं.

काय बिनसलं आहे तेच कळत नसेल तर सगळं मूळपदावर आणा. एमएसवर शिफ्ट, मोड (त्याच्या वर 'सीएलआर' छापलेलं असतं), मग ३ आणि बरोबरचं चिन्ह. ईएस प्लस आणि ईएक्सवर शिफ्ट, ९, मग ३, बरोबर आणि शेवटी एसी. यात मेमरीतल्या किमतीही जातात, पण कॅल्सी दुकानातून आला तसा होतो: साधा मोड, कोन अंशांत.

कोण आधी, कोण नंतर

कॅल्सी डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जात नाही. तो आधी घात करतो, मग उणे चिन्ह लावतो, मग गुणाकार-भागाकार आणि शेवटी बेरीज-वजाबाकी. शाळेत शिकलेलाच क्रम, पण त्यातले दोन-तीन कोपरे फसवतात.

पहिला कोपरा उणे संख्येचा. एक्स वर्ग उणे ५एक्स अधिक ६ या समीकरणात बी म्हणजे उणे ५. बी वर्ग काढायला तुम्ही थेट उणे, ५ आणि वर्गाचं बटण दाबलंत, तर कॅल्सी ५चा वर्ग करून त्याला उणे लावतो आणि उत्तर येतं उणे २५. त्यातून २४ वजा केले की उणे ४९. त्याचं वर्गमूळ काढायला गेलात की मॅथ एरर. कंसात (−५) लिहून वर्ग केलात तर २५ उणे २४ म्हणजे १, आणि मुळं ३ व २. उणे संख्येला कंस घालायची सवय लावून घ्यावी. किंवा उणे ५ ही किंमत 'बी' या अक्षरात साठवा आणि बी वर्ग काढा. साठवलेली संख्या कॅल्सी एकसंध धरतो, त्यामुळे उत्तर २५च येतं.

दुसरा कोपरा भागाकाराच्या खालच्या भागाचा. १०० भागिले २ गुणिले ५ म्हणजे कॅल्सीच्या दृष्टीने २५०. तुम्हाला १०० भागिले १० हवं असेल तर कंस हवाच. पण गुणाकाराचं चिन्ह न देता '१ ÷ २π' असं लिहिलंत तर कॅसिओचे कॅल्सी २π एकत्र धरून त्या सगळ्याने भागतात. एफएक्स-९९१ईएक्स तर तिथे स्वतःहून कंस घालून दाखवतो. याच कारणाने ६ ÷ २(१+२) या गणिताचं उत्तर ईएस प्लसवर १ येतं आणि अनेक मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरांवर ९. समाजमाध्यमांवर त्यावरून भांडणं होतात, पण दोन्ही यंत्रं आपापल्या नियमाने बरोबर आहेत. नियमावर विसंबण्यापेक्षा कंस घाला, मग वाद उरतच नाही.

तिसरा कोपरा दोन घराण्यांमधला. एमएसवर साइन, ३०, अधिक, १ असं दाबलं की १.५ येतं. ईएस प्लसवर साइन दाबताच पुढे कंस आपोआप उघडतो. तो न मिटवता तीच बटणं दाबलीत तर कॅल्सी साइन ३१ काढतो आणि ०.५१५ दाखवतो. वर्गमूळाचंही तसंच. एमएसवर कंसाशिवाय वर्गमूळ ९ अधिक १६ म्हणजे ३ अधिक १६, म्हणजे १९. ५ हवे असतील तर ९ आणि १६ना कंसात घ्या.

दहाच्या घाताचं बटण

इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याचे सगळ्यात जास्त गुण या एका बटणापायी जातात. एमएसवर त्यावर 'ईएक्सपी' लिहिलेलं असतं, ईएस प्लसवर '×१०' आणि त्यावर घाताची खूण. अर्थ एकच: 'गुणिले दहाचा अमुक घात'.

समजा २३० व्होल्टला ४.७ किलोओहमचा रोध जोडला आहे. करंट हवाय. २३० भागिले ४.७, मग ईएक्सपी, मग ३. उत्तर ०.०४८९ अँपियर. तेच गणित ४.७, गुणिले, १०, घात, ३ असं सुटं सुटं टाइप केलंत तर कॅल्सी आधी २३०ला ४.७ने भागतो आणि मग हजाराने गुणतो. उत्तर येतं ४८,९३६. दोन्ही उत्तरांत दहा लाख पटींचा फरक. ४.७ आणि दहाचा घन या दोन संख्या ईएक्सपी बटणाने एकच होतात. सुट्या गुणाकाराने होत नाहीत.

आणखी एक चूक नेहमी होते. ईएक्सपी बटणातच १० आहे हे विसरून आधी पुन्हा १० दाबतात. '६.०२ × १० ईएक्सपी २३' लिहिलं की अवोगाड्रो संख्या दहापट होते.

उत्तर आल्यावर 'ईएनजी' बटण दाबा. ०.०४८९चं ४८.९४ गुणिले १०चा उणे ३ घात होतं, म्हणजे ४८.९४ मिलिअँपियर. हे बटण घात नेहमी तीनच्या पटीत ठेवतं, त्यामुळे किलो, मिली, मायक्रो थेट वाचता येतात.

उत्तर बरोबर, दाखवणं वेगळं

काही वेळा कॅल्सीने गणित बरोबर केलेलं असतं, पण ते आपल्याला ओळखू येत नाही. १ भागिले २०० केलं आणि ५ गुणिले १०चा उणे ३ घात दिसला तर सेटिंग 'नॉर्म १' आहे. ०.०१पेक्षा लहान संख्या ती घातांकात दाखवते. 'नॉर्म २' केलं की ०.००५ दिसेल. उत्तर ०.०० दिसत असेल तर कुणीतरी 'फिक्स २' लावून ठेवलेलं आहे. खरी संख्या आत तशीच आहे, फक्त दोन दशांश स्थळांपुढचं दिसत नाही. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम दिसत असेल तर 'डिस्प' सेटिंगमध्ये 'डॉट' निवडा.

ईएस प्लसवर साइन ४५ला ०.७०७ न येता वर्गमूळ २ भागिले २ आलं की नवखे गोंधळतात. 'एस-डी' असं लिहिलेलं बटण दाबा, दशांश रूप मिळेल.

अंश, मिनिटं, सेकंद

सिव्हिलच्या विद्यार्थ्याला थिओडोलाइटवरून ४५ अंश ३० मिनिटं असा कोन मिळतो. तो ४५.३० असा टाइप करणं म्हणजे ३० मिनिटांची १८ मिनिटं करणं. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, ४५.५. शंभर मीटर अंतरावरच्या इमारतीची उंची ४५.५ अंशांनी १०१.७६ मीटर येते, ४५.३ने १०१.०५. सत्तर सेंटिमीटरच्या वर फरक, आणि तोही संशय येणार नाही असा.

यासाठी अंशाच्या खुणेचं स्वतंत्र बटण आहे. ४५, ते बटण, ३०, ते बटण. सेकंद असतील तर पुन्हा आकडा आणि तेच बटण. बरोबर दाबल्यावर पुन्हा तेच बटण दाबलं की उत्तर दशांश आणि अंश-मिनिटं यांत आलटून पालटून दिसतं.

दिशा हरवलेला कोन

एसी सर्किटमध्ये इम्पीडन्स ३ अधिक ४जे असेल तर त्याची लांबी ५ आणि कोन ५३.१३ अंश. तो टॅन इन्व्हर्सने काढता येतो. पण खरा भाग उणे ३ असला तर टॅन इन्व्हर्स उणे ५३.१३ सांगतो, आणि खरा कोन असतो १२६.८७ अंश. कारण ४ला उणे ३ने भागल्यावर उणे चिन्ह वरचं होतं की खालचं, ते कॅल्सीला कळायला मार्ग राहत नाही.

त्यासाठी 'पोल' वापरा. पोल (−३, ४) दिलं की दोन्ही चिन्हं वेगवेगळी पोहोचतात आणि बरोबर कोन मिळतो. एमएसवर आधी लांबी दिसते आणि कोन 'एफ' या मेमरीत जातो, तो आरसीएल दाबून काढावा लागतो. लांबी 'ई'मध्ये जाते. ईएस प्लसवर दोन्ही एकत्र दिसतात आणि 'एक्स' व 'वाय'मध्ये साठतात. म्हणजे त्या अक्षरांत तुम्ही आधी काही साठवलं असेल तर ते गेलं. पोल वापरायचं असेल तर एमएसवर 'ई' आणि 'एफ' मोकळे ठेवा.

मागच्या माहितीचं ओझं

स्टॅटिस्टिक्सच्या मोडमध्ये एमएसवर प्रत्येक संख्या 'एम प्लस' बटणाने आत टाकली जाते. मागच्या गणिताच्या संख्या पुसल्या नाहीत तर नव्या त्यांच्यातच मिसळतात आणि सरासरी चुकते. एरर मात्र येत नाही. सुरुवातीला शिफ्ट, मोड, १, बरोबर असं दाबून जुनी माहिती पुसा. संख्या टाकून झाल्यावर 'एन' किती आहे ते पाहा. आठ संख्या टाकल्या आणि एन तेरा दिसला तर कारण उघड आहे.

प्रमाण विचलनही दोन प्रकारचं असतं. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या संख्यांची सरासरी ५. विचलन 'एन' पद्धतीने २ येतं, 'एन उणे १' पद्धतीने २.१३८. पहिलं संपूर्ण समूहासाठी, दुसरं नमुन्यासाठी. प्रश्नात कोणतं अपेक्षित आहे ते आधी ठरवा. हे आठ आकडे तोंडपाठ ठेवले तर नवा कॅल्सी तपासायलाही उपयोगी पडतात.

एरर आली तर

एरर घाबरवण्यासाठी नसते. पडद्यावर एरर असताना डावा किंवा उजवा बाण दाबा. गणित परत दिसतं आणि कर्सर नेमका चुकीच्या जागी उभा असतो. एसी दाबून सगळं नव्याने टाइप करायची गरज नाही.

मॅथ एरर म्हणजे मागितलेली किंमत निघत नाही किंवा यंत्राच्या मर्यादेबाहेर आहे: शून्याने भागाकार, उणे संख्येचं वर्गमूळ, २चा साइन इन्व्हर्स, अंशांत टॅन ९०. ६९चं फॅक्टोरिअल निघतं आणि ७०चं निघत नाही, कारण कॅल्सीची कमाल मर्यादा १०च्या ९९व्या घाताच्या घरातली आहे. ७० फॅक्टोरिअल १०च्या १००व्या घातापलीकडे जातं.

सिंटॅक्स एरर म्हणजे लिहिण्यातली चूक: दोन चिन्हं शेजारी, उघडलेला नाही तरी मिटवलेला कंस. स्टॅक एरर म्हणजे कंसात कंस इतके झाले की यंत्राची पाटी भरली. गणित दोन भागांत करा. आर्ग किंवा आर्ग्युमेंट एरर म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमतीत चूक. डायमेन्शन एरर मॅट्रिक्सची, दोन्हींचे आकार जुळत नसल्याची.

आत काय चालतं

साइन ३० दाबल्यावर आत लॉग टेबलसारखा तक्ता उघडत नाही. लहानशा चिपमध्ये इतका मोठा तक्ता ठेवणं परवडत नसे. १९५९ साली जॅक वोल्डर या अमेरिकन अभियंत्याने विमानाच्या दिशादर्शक यंत्रासाठी एक रीत मांडली, कॉर्डिक. थोडेच ठरलेले कोन पाठ ठेवायचे, ४५, २६.५७, १४.०४, ७.१३ असे, आणि ते मिळवत-वजा करत हव्या कोनापाशी पोहोचायचं. ३० हवे असतील तर ४५ घ्या, २६.५७ वजा करा, १८.४३ झाले. १४.०४ मिळवा, ३२.४७. ७.१३ वजा करा, २५.३५. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लहान. हे कोन असे निवडलेले आहेत की प्रत्येक पावलाला फक्त बेरीज आणि अंक सरकवणं पुरतं. १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या पहिल्या हाती धरायच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरने याच घराण्यातली दशमान रीत वापरली.

यामागचं मूळ तत्त्व, दोन कोनांच्या बेरजेची ज्या (म्हणजे साइन) त्यांच्या ज्यांवरून काढणं, आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ज्योत्पत्तीत सापडतं. ती सिद्धान्तशिरोमणीचा भाग आहे, आणि तो ११५०चा ग्रंथ. आणि चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात १२०७ साली त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे.

यंत्र दहा अंक दाखवतं, पण आत त्याहून जास्त अंक ठेवतं. म्हणून १ भागिले ३ करून लगेच 'आन्सर गुणिले ३' केलं की १ परत येतो. पण पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून पुन्हा टाइप केलेत तर ते जादा अंक हरवतात. लांब गणितात मधली उत्तरं 'आन्स' बटणाने किंवा ए, बी, सी अशा अक्षरांत साठवून पुढे न्यावीत. वेळ वाचतो आणि शेवटचा दशांशही वाचतो.

कॅल्सी किती बारकाईने मोजतो ते पाहायला एक जुनी चाचणी आहे. अंशांच्या सेटिंगवर ९चा साइन, त्याचा कॉस, त्याचा टॅन, मग टॅन इन्व्हर्स, कॉस इन्व्हर्स, साइन इन्व्हर्स. शेवटी ९ परत यायला हवा. वाटेत फार लहान कोनाचा कॉस काढावा लागतो आणि तो १च्या इतका जवळ असतो की अंक कमी ठेवणाऱ्या यंत्राचं ९ थोडं ढळतं. डुप्लिकेट माल ओळखायची ही एकमेव खूण नाही, पण विकत घेण्याआधी दुकानात करून पाहण्यासारखी आहे.

हार्डवेअरची दुखणी

एफएक्स-९९१एमएस आणि ९९१ईएस प्लस सौर पट्टी आणि एलआर४४ बटण सेल, दोन्हींवर चालतात. त्यामुळे सेल संपला तरी ट्यूबलाइटखाली कॅल्सी चालू दिसतो आणि अंधारलेल्या वर्गात बंद पडतो. आधीच तपासायचं असेल तर सौर पट्टीवर बोट ठेवा. आकडे फिके पडले किंवा गेले तर सेल बदलायची वेळ झाली. मागचे स्क्रू काढा, सेल अधिक बाजू वर ठेवून बसवा, आणि झाकण लावल्यावर ऑन दाबून पूर्ण रीसेट करा. रीसेट राहिला तर कॅल्सी विचित्र वागतो, म्हणून ही पायरी गाळू नका. जुना सेल घरातल्या लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. तो गिळला तर जिवावर बेततं.

बटणं अडकत असतील तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, छापलेली अक्षरं जातात. जुलै-ऑगस्टात लोकलच्या दारात भिजलेल्या बॅगेतला कॅल्सी लगेच चालू करून पाहू नये. सेल काढा, सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या, मग चालू करा. पडद्यावर शाईसारखा डाग पसरला असेल तर काच दबलेली आहे, तिला घरगुती इलाज नाही. फक्त फिका पडदा असेल तर आधी सेटिंगमधला काँट्रास्ट पाहा.

पेपरच्या आदल्या रात्री

डोंबिवलीहून ठाण्याकडे परीक्षेला निघालेल्या मुलाला केंद्रावर मित्राशी कॅल्सीची चर्चा करायला वेळ नसतो. म्हणून आदल्या रात्री चार गोष्टी पाहून घ्या. साइन ३० ला ०.५ येतं का. ७ भागिले २ ला ३.५ येतं का. १ भागिले २०० तुम्हाला हवं तसं दिसतं का. आणि सौर पट्टी झाकल्यावर आकडे टिकतात का. केंद्रावर दुसऱ्याचा कॅल्सी हातात आलाच, तर याच चार चाचण्या त्याच्यावर करा.

गेट परीक्षा देणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: तिथे स्वतःचा कॅल्सी नेता येत नाही. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माऊसने चालवावा लागतो. त्यावर सराव केला नसेल तर वेळ जातो.

आणि या सगळ्याआधीची सवय: बटण दाबण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावं ते मनात ठरवा. १२ मीटर लांबून ३० अंशांवर दिसणारी गोष्ट १२ मीटरपेक्षा कमी उंचीची असायला हवी, कारण दोन्ही सारखं व्हायला ४५ अंश लागतात. ३० अंशांचा टॅन पाऊणपेक्षा कमी आणि अर्ध्यापेक्षा जास्त, म्हणजे उत्तर सहा ते नऊ मीटरच्या मध्ये. एवढ्या अंदाजाने उणे ७६ लगेच बाद होतं. ६.११ या अंदाजातून निसटतं, आणि ते पकडायला वरच्या कडेचं 'जी' अक्षर वाचावं लागतं. अंदाज आणि ते अक्षर, दोन्ही तपासलेत तरच उत्तराखाली दुहेरी रेघ मारा.